वाहनाचे घर : ऑल्डनहॅमच्या बसशाळेची हकीकत

वाहन लोकांच्या दृष्टीसमोर असते. वाहनाचे घर नसते. रथोत्सवाच्या दिवशी रथ साऱ्या गावाच्या डोळ्यांत भरतो, त्याच्या दोराला हात लागावा म्हणून माणसे धडपडतात; पण उरलेले वर्षभर तो ज्या छपराखाली उभा असतो, जेथे सुतार त्याची खिळखिळी झालेली फळी बदलतो आणि लोहार चाकाची धाव पुन्हा घट्ट बसवतो, त्या रथशाळेची हकीकत लिहून ठेवावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. यंत्रयुगातील वाहनांचीही हीच गत आहे. एखादी बस प्रथम कधी धावली, तिचा रंग कोणता होता, ती शेवटची कधी दिसली, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती मधली वीस-पंचवीस वर्षे कोणाच्या हातांनी धावती राहिली, हे सांगणारा विरळा.

प्रस्तुत लेखात अशाच एका वाहनशाळेची हकीकत सांगण्याचा विचार आहे. ती आपल्या देशातील नव्हे. लंडनच्या वायव्येस, हर्टफर्डशायर परगण्यात, एल्स्ट्री गावाजवळ ऑल्डनहॅम नावाची एक प्रचंड कर्मशाळा होती. केवळ बसगाड्यांच्या जीर्णोद्धारासाठी चालविलेली ती त्या काळातील सर्वांत मोठ्या कर्मशाळांपैकी एक. आज ती उभी नाही. परंतु तिच्या जन्मात, भरभराटीत आणि अंतात जो बोध आहे तो केवळ लंडनकरांपुरता नाही. आणि ज्यांनी मुंबईच्या तांबड्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसण्यासाठी बालपणी हट्ट धरला असेल, त्यांना तरी ही हकीकत परकी वाटू नये.

१. पागेकडून गॅरेजकडे

लंडनच्या रस्त्यांवर आरंभी घोड्यांच्या बसगाड्या होत्या. प्रत्येक मार्गाच्या टोकाशी पागा असे आणि पागेतच नालबंद, मोतद्दार, सुतार व चाके दुरुस्त करणारा असा सारा परिवार राहत असे. १९१० साली लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने ‘बी’ जातीची मोटारबस रस्त्यावर आणली. मोठ्या संख्येने तयार झालेली आणि भरवशाने चालणारी अशी ती पहिलीच मोटारबस म्हणावयास हरकत नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९११ मध्ये, त्या कंपनीची शेवटची घोडाबस बंद झाली.

घोडे गेले तरी व्यवस्था मात्र पागेचीच राहिली. प्रत्येक गॅरेजने आपापल्या गाड्या आपापल्या पद्धतीने दुरुस्त कराव्यात, असा रिवाज पडला. कोठे कुशल फिटर असे, कोठे नसे. एकाच जातीच्या दोन गाड्या दोन गॅरेजांत चार वर्षे राहिल्या, की त्या सख्ख्या बहिणी न वाटता दूरच्या नातलग वाटू लागत. घोडा आजारी पडला तर त्याच्यावरील उपचार पागेत होऊ शकतात. परंतु यंत्राचे तसे नाही. यंत्राचा प्रत्येक भाग मापाने घडलेला असतो आणि माप राखण्यासाठी मोठी हत्यारे, मोठी जागा आणि एकच शिस्त लागते. ही जाणीव होण्यास एक महायुद्ध जावे लागले.

२. रूप पालटलेल्या बसगाड्या

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा ब्रिटिश सैन्याजवळ माणसे वाहून नेण्यास पुरेशा मोटारी नव्हत्या. तेव्हा लंडनच्या रस्त्यांवरील ‘बी’ गाड्या उचलून फ्रान्स आणि बेल्जियमला पाठविण्यात आल्या. सुमारे नऊशे गाड्या या कामी लागल्या. त्यांचा तांबडा रंग जाऊन खाकी आला, काचांच्या जागी फळ्या ठोकल्या गेल्या. काही गाड्यांतील बाके काढून तेथे खुराडी बसविली आणि संदेशवाहक कबुतरांचे फिरते घर तयार झाले. काल ज्या गाडीतून कारकून कचेरीत जात होता, तीच आज रणांगणाच्या चिखलात उभी राहिली.

याच गाड्यांशी हिंदी सैनिकांचाही संबंध आला. ऑक्टोबर १९१४ मध्ये लाहोर डिव्हिजनच्या काही पलटणी ईप्रच्या आघाडीकडे मोटारबसमधून नेण्यात आल्या. याच डिव्हिजनमध्ये आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या. त्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल येथे जे शौर्य गाजविले आणि जी हानी सोसली, ती त्या पलटणीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात हीच कथा पुन्हा घडली. १९३९ साली लंडनवर बाँबवर्षाव होणार या भीतीने रुग्णालये रिकामी करावयाची होती. तेव्हा ग्रीन लाइन या लांब पल्ल्याच्या सेवेतील प्रवासी गाड्यांतून बाके काढून स्ट्रेचर बसविण्यात आले आणि थोड्या अवधीत त्यांच्या रुग्णवाहिका झाल्या. पुढे १९४२ पासून यांतील काही गाड्या अमेरिकन रेडक्रॉसकडे गेल्या. त्यांच्यात स्वयंपाकघर, कॉफीची भांडी, डोनट तळण्याचे यंत्र आणि सैनिकांना घटकाभर बसावयास जागा, अशी सोय झाली. ‘क्लबमोबाइल’ या नावाने त्या विमानतळांवरून हिंडू लागल्या.

बसचे रूप पालटणे म्हणजे केवळ बाके काढून खाट टाकणे नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गाडीची जडणघडण एका विशिष्ट भारासाठी झालेली असते. दुमजली गाडीत तर भार वर चढला की तोल जाण्याचे भय. पाण्याची टाकी, चूल, लोखंडी खाटा हे सारे शक्य तितके खाली आणि दोन्ही कुशींवर सारखे बसवावे लागते. चौदा फुटांहून उंच अशी ही गाडी साध्या छपरात शिरत नाही. तिच्या पोटाखाली माणसाला उभे राहता आले पाहिजे आणि तिचा वरचा भाग उचलावयाचा तर छत आणखी उंच हवे. तात्पर्य, रूपांतराची कल्पना एखाद्याच्या डोक्यात एका रात्रीत येते. ती उतरविण्यासाठी आणि उतरल्यावर चालती ठेवण्यासाठी मोठे घर लागते.

३. रूप पालटलेली कर्मशाळा

असे पहिले मोठे घर लंडनच्या पश्चिमेस चिझिक येथे १९२१ साली उभे राहिले. गॅरेजांनी रोजची देखभाल तेवढी करावी आणि ठराविक काळाने प्रत्येक गाडीने संपूर्ण जीर्णोद्धारासाठी चिझिकला यावे, असा नवा नियम झाला. गाडी एके ठिकाणी उभी राहावी व कारागिरांनी तिच्याभोवती गोळा व्हावे, ही जुनी रीत गेली. कारागीर आपल्या जागी स्थिर राहू लागला आणि गाडीचे भागच त्याच्यापुढून सरकू लागले.

१९३३ साली लंडनमधील भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस यांचा कारभार एका सार्वजनिक मंडळाकडे आला. लॉर्ड ॲशफील्ड हे त्याचे अध्यक्ष व फ्रँक पिक हे कार्यकारी प्रमुख. या मंडळाने १९३५ ते १९४० या काळासाठी विस्ताराची मोठी योजना आखली. तिच्यात नॉर्दर्न लाइन ही भुयारी रेल्वे एजवेअरच्या पुढे बुशी हीथपर्यंत नेण्याचे ठरले, आणि वाटेत ऑल्डनहॅम येथे रेल्वेगाड्यांसाठी विस्तीर्ण आगार बांधावयास घेतले गेले. म्हणजे ज्या इमारतीची हकीकत आपण सांगत आहोत, ती मुळात बससाठी नव्हतीच.

युद्ध सुरू झाले आणि रेल्वेचे काम थांबले. आगाराच्या शेड मात्र बहुतांशी उभ्या होत्या. त्या रिकाम्या ठेवण्याची चैन युद्धकाळात परवडणारी नव्हती. लंडनचे परिवहन मंडळ आणि मोटारी व बसच्या बॉडी बांधणाऱ्या चार कंपन्या यांनी एकत्र येऊन ‘हॅलिफॅक्स’ नावाची चार इंजिनांची बाँबफेकी विमाने बांधण्याचे काम पत्करले आणि त्यातील मोठा वाटा ऑल्डनहॅमकडे आला. पूर्वी कधी कारखान्याची पायरीही न चढलेली माणसे आणि मोठ्या संख्येने स्त्रिया या कामात शिरल्या व तरबेज झाल्या. या संघाने एकूण ७१० विमाने बांधली. एप्रिल १९४५ मध्ये बाहेर पडलेल्या शेवटच्या विमानाचे नाव ‘लंडन प्राइड’ असे ठेवण्यात आले.

युद्ध संपले, तेव्हा रेल्वे पुढे नेण्याचे कारणच उरले नव्हते. लंडनभोवती हिरवा पट्टा राखावयाचा आणि तेथे नवी वस्ती होऊ द्यावयाची नाही, असे धोरण ठरले. वस्ती नाही तर उतारू नाहीत आणि उतारू नाहीत तर रेल्वे कशासाठी? १९५० साली ती योजना रीतसर सोडून देण्यात आली. ऑल्डनहॅमचे आगार गाडीविना, रुळांविना, शेतांच्या मध्ये एकटेच उभे राहिले.

इकडे बसगाड्यांची संख्या मात्र भराभर वाढत होती. जुलै १९५२ मध्ये लंडनची शेवटची ट्राम बंद झाली आणि तिची जागा बसने घेतली. एवढा संसार एकट्या चिझिकला पेलेना. तेव्हा ऑल्डनहॅमची मूळ शेड वाढवून आणि आतील रचना पालटून तेथे बसच्या जीर्णोद्धाराची कर्मशाळा थाटण्यात आली. काम टप्प्याटप्प्याने आधीच सुरू झाले होते. संपूर्ण कर्मशाळेचे औपचारिक उद्घाटन ऑक्टोबर १९५६ मध्ये झाले. रेल्वेसाठी बांधलेले, विमानांनी वापरलेले आणि अखेर बसच्या वाट्याला आलेले असे हे घर. येथे बसची रूपे पालटत, पण त्याआधी त्या घराचेच रूप दोनदा पालटलेले होते.

४. कामाची रीत

या घरात राहावयास आलेली गाडी ‘आरटी’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिची पहिली आवृत्ती युद्धाच्या तोंडावर निघाली, परंतु खरे उत्पादन १९४७ ते १९५४ या काळात झाले. आरटी आणि तिच्या दोन बहिणी आरटीएल व आरटीडब्ल्यू मिळून ६,९५६ गाड्या बांधल्या गेल्या. विमाने बांधताना जो धडा मिळाला तो येथे उपयोगी पडला. प्रत्येक भाग एकाच साच्यात, एकाच मापाने घडवावयाचा, म्हणजे तो त्या जातीच्या कोणत्याही गाडीला बसला पाहिजे. आरटीची बॉडी तिच्या चासीवर अशा हिशेबाने बसविलेली होती की थोड्या श्रमांत ती उचलून बाजूला ठेवता यावी.

साधारण चार वर्षांनी गाडीची पाळी येई. ती ऑल्डनहॅमच्या दारात शिरली की प्रथम तिची तपासणी होई आणि काय काय बदलावयाचे याची यादी लिहिली जाई. मग बॉडी चासीपासून सोडविली जाई. छताखालून धावणारी क्रेन ती अख्खी दुमजली बॉडी अलगद उचलून, खाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या डोक्यावरून पलीकडे नेई. प्रथम पाहणाऱ्याला हे दृश्य स्वप्नवत वाटावे असे होते. घर जसेच्या तसे आकाशात चालले आहे, खिडक्या आहेत, जिना आहे, पण खाली चाके नाहीत!

बॉडी पुढे एका मोठ्या चौकटीत अडकविली जाई. ही चौकट बॉडीला कुशीवर वळवी, म्हणजे तळाशी चार वर्षे साचलेला चिखल व तेल धुऊन काढता येई आणि गंजलेला पत्रा उघडा पडे. त्यानंतर पत्रेकाम, सुतारकाम, गाद्या, काचा आणि शेवटी रंग अशी एकेक खात्यातून तिची वाट असे. तिकडे चासी स्वतंत्र वाटेने जाई. इंजिन, गिअरपेटी यांसारखे यंत्रभाग चिझिकला दुरुस्त होऊन येत. शेवटी एक बॉडी आणि एक चासी पुन्हा एकत्र येत आणि गाडी परीक्षेसाठी रस्त्यावर निघे. कर्मशाळा पूर्ण भरात असताना तेथे १,८०० च्या आसपास माणसे काम करीत आणि आठवड्याला पन्नासाहून अधिक गाड्या नव्यासारख्या होऊन बाहेर पडत.

या साऱ्यात आठवण ठेवण्याजोगी गोष्ट यंत्रांची नाही, क्रमाची आहे. एखादा उत्तम कारागीर एखादी गाडी याहूनही चांगली दुरुस्त करू शकला असता. पण सात हजार गाड्या, वर्षानुवर्षे, एकाच मापाने राखणे हे एकट्या उत्तम कारागिराचे काम नव्हे. त्यासाठी सामान्य माणसांची सातत्याने पाळलेली शिस्त लागते.

५. नाम आणि रूप

वर ‘एक बॉडी आणि एक चासी पुन्हा एकत्र येत’ असे म्हटले; ‘तीच’ बॉडी आणि ‘तीच’ चासी असे म्हटले नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. येथे ऑल्डनहॅमची सर्वांत विलक्षण प्रथा सांगावयास हवी.

चासीचे काम लवकर आटपे, बॉडीला अधिक दिवस लागत. एकीने दुसरीसाठी थांबावे तर जागा अडते. म्हणून जी बॉडी आधी तयार होईल ती हाताशी असलेल्या तयार चासीवर बसविली जाई. सारे भाग एकाच मापाचे असल्यामुळे काही बिघडत नसे. प्रश्न होता तो गाडीच्या नावाचा. प्रत्येक गाडीला नोंदणी क्रमांक असतो, परवाना असतो, त्याचे शुल्क भरलेले असते. गाडी दुरुस्तीत पडून राहिली तर तेवढे दिवस शुल्क वाया जाणार. यावर त्या लोकांनी शोधलेला उपाय असा. सकाळी एखादी गाडी दुरुस्तीसाठी आत आली की तिचा क्रमांक काढून, नुकत्याच तयार होऊन बाहेर पडणाऱ्या दुसऱ्याच गाडीला लावावयाचा. कागदोपत्री ती गाडी जणू आत आली आणि लगेच नवी होऊन बाहेर गेली! आत आलेली जुनी गाडी मात्र निनावी होऊन कर्मशाळेच्या प्रवाहात मिसळे आणि काही दिवसांनी भलतेच नाव घेऊन निघे.

हे वाचताना मिलिंदपञ्हातील रथाचा दृष्टान्त कोणाला आठवणार नाही? भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय. आस की चाके, जू की दोर? यांपैकी एकही रथ नव्हे आणि यांच्यावाचूनही रथ नाही. रथ हे केवळ व्यवहारातील नाव आहे, असा त्या संवादाचा निष्कर्ष. कठोपनिषदातील रथाचे रूपक वेगळ्या वाटेने जाते. तेथे शरीर हा रथ आणि आत्मा त्यातील रथी. ऑल्डनहॅमच्या कारागिरांनी यांपैकी काही वाचले असेल असे नाही. परंतु नाम आणि रूप यांची फारकत ते दर आठवड्याला पन्नास वेळा करीत होते.

मग प्रश्न असा, की एखाद्या क्रमांकाची आरटी गाडी वीस वर्षे ‘तीच’ होती असे कशाच्या आधारे म्हणावयाचे? तिची बॉडी बदलली, चासी बदलली, इंजिन तर किती वेळा बदलले याची गणतीच नाही. टिकले ते केवळ नाव आणि ते नाव सार्थ ठरविणारी कर्मशाळेची व्यवस्था. गाडीचे सातत्य गाडीत नव्हते. ते तिच्या घरात होते. प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा असेल तर तो हाच.

६. पडद्यावरची बस

१९६३ साली ‘समर हॉलिडे’ नावाचा एक बोलपट प्रदर्शित झाला. पीटर येट्स हे दिग्दर्शक, तर क्लिफ रिचर्ड हे लोकप्रिय गायक नायकाच्या भूमिकेत. लंडनच्या परिवहन खात्यातील काही तरुण मेकॅनिक एक दुमजली बस मागून घेतात, तिचे फिरते घर बनवितात आणि युरोप ओलांडून अथेन्सपर्यंत जातात, अशी त्याची साधी कथा. गाडी आरटी जातीची होती आणि आरंभीचे कर्मशाळेतील प्रसंग प्रत्यक्ष ऑल्डनहॅम येथेच चित्रित झाले.

बोलपट गाण्यांचा आणि थट्टामस्करीचा आहे. त्याच्यावर तत्त्वज्ञानाचा भार घालण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याचे एक मोल आहे. ऑल्डनहॅमच्या भव्य छपराखालील जीवन त्यात कायमचे टिपले गेले. शिवाय सामान्य प्रेक्षकाला प्रथमच असे दिसले की बस ही केवळ ठरलेल्या मार्गावर धावणारी वस्तू नाही. चार हुशार हात लाभले तर ती घरही होऊ शकते. त्यानंतर सेवेतून निघालेल्या कितीतरी बसगाड्यांचे फिरते संसार झाले. त्या संसारांपुढे पहिली अडचण मात्र एकच उभी राहिली. गाडी मिळते, तिला ठेवावयास, उचलावयास आणि दुरुस्त करावयास पुरेसे उंच छप्पर मिळत नाही. बोलपटातील तरुणांच्या पाठीशी ऑल्डनहॅम होते. प्रत्यक्षातील हौशी माणसाला ते स्वतः बांधावे लागते.

सेवेतून निघालेल्या आरटी कुळातील शेकडो गाड्या आगबोटीने सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, गेल्या आणि कोलंबोच्या रस्त्यांवर पुढे कित्येक वर्षे धावल्या. घर बदलले तरी सांभाळणारे हात भेटले, म्हणून त्या जगल्या.

७. उतरती कळा

आरटीनंतर ‘रूटमास्टर’ आली. तिचा पहिला नमुना १९५४ साली लोकांपुढे ठेवला गेला आणि १९५८ ते १९६८ या दहा वर्षांत अशा गाड्यांचे नियमित उत्पादन झाले. एकूण संख्या २,८७६. ॲल्युमिनियमच्या या गाडीला स्वतंत्र चासी नव्हती. पुढे व मागे दोन चौकटी जोडून तिची बॉडीच सारा भार पेलत असे. तरीही तिची रचना करणाऱ्यांनी ऑल्डनहॅमचा विसर पडू दिला नाही. त्या चौकटी सोडवून बॉडी उचलता यावी अशीच योजना ठेवली. वाहन आणि वाहनशाला एकमेकांकडे पाहून घडविली गेल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पुढे मात्र ही दृष्टी सुटली. लोकांच्या दारी स्वतःच्या मोटारी आल्या, बसचे उतारू घटले, कामगार मिळेनासे झाले. एकाच माणसाने गाडी हाकावी आणि तिकिटेही द्यावीत अशा गाड्यांची मागणी झाली. १९६८ च्या कायद्याने अशा नव्या गाड्या विकत घेण्यास सरकारी अनुदान मिळू लागले. नवी गाडी घेण्यास पैसे मिळतात, जुनी राखण्यास मिळत नाहीत, असे एकदा झाले की राखणाऱ्याची किंमत कमी होते, हा जगाचा न्याय आहे.

या धोरणातून बाजारात तयार मिळणाऱ्या गाड्या लंडनने घेतल्या. त्यांतील ‘फ्लीटलाइन’ जातीच्या दुमजली गाड्या १९७१ पासून रस्त्यावर आल्या. त्यांची संख्या अडीच हजारांहून अधिक झाली. त्या इतर नगरांत बऱ्या चालत होत्या. परंतु त्या ऑल्डनहॅमच्या मापाने घडलेल्या नव्हत्या. आरटीची बॉडी जशी सुटून येई तशी त्यांची सुटेना. ज्या कर्मशाळेचे सारे सामर्थ्य एकरूपतेत होते तिच्यापुढे नाना मापांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. क्रेन होती, कारागीर होते, छप्पर तेच होते, पण वाहनाचे आणि घराचे माप जुळेना. दहा वर्षेही पूर्ण होण्याआधी त्या गाड्या काढून टाकण्यास आरंभ झाला.

१९८४ साली कारभाराची पुन्हा फेरमांडणी झाली. दुरुस्तीचे काम स्वतंत्र कंपनीकडे देऊन, कर्मशाळेने आता स्वतःच्या पायांवर उभे राहावे असे ठरले. सात हजार आरटींसाठी मांडलेला संसार घटलेल्या गाड्यांवर कसा चालावा? नोव्हेंबर १९८६ मध्ये ऑल्डनहॅमचे दरवाजे बंद झाले. दहा वर्षांच्या आत इमारती पाडल्या गेल्या आणि आज त्या जागी एक औद्योगिक वसाहत आहे. उद्घाटनापासून तीस वर्षे, एवढेच त्या घराचे आयुष्य.

गंमत अशी, की घर गेले तरी त्याच्यासाठी घडलेली रूटमास्टर त्यानंतर एकोणीस वर्षे धावत राहिली. तिची इंजिने बदलली, आतील सजावट बदलली आणि ९ डिसेंबर २००५ रोजी ती नित्याच्या मार्गांवरून निवृत्त झाली. चांगल्या घरात वाढलेले मूल घर मोडल्यावरही बरेच दिवस नीट वागते, तसेच हे झाले.

८. आपल्याकडे पाहताना

आपल्याकडील मोटारबसचा इतिहासही लहान नाही. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस धावली आणि १९३७ साली दुमजली बस आली. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी एस. टी. ची पहिली गाडी निघाली. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी गेली, आणि डिझेलवर चालणारी तांबडी दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये. त्या दिवशी तिला हार घालण्यास व तिच्यासह छायाचित्र काढण्यास माणसांची गर्दी लोटली. तिचे पत्रे ठोकणाऱ्या, तिचे स्प्रिंगपाटे बदलणाऱ्या हातांची आठवण त्या गर्दीत कितीजणांना झाली असेल?

रूप पालटलेल्या गाड्याही आपल्याकडे झाल्या. २०२० साली टाळेबंदीत उतारू बंद झाले, तेव्हा एस. टी. ने जुन्या प्रवासी गाड्यांतील बाके काढून त्यांचे मालवाहू ट्रक केले. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा हाताशी होत्या, म्हणून हे साधता आले. लंडनच्या गाड्यांवर १९३९ साली जो प्रसंग आला, तसाच प्रसंग एक्याऐंशी वर्षांनी आपल्या लाल गाडीवर आला, आणि दोन्ही वेळा तारून नेले ते कर्मशाळेने.

ऑल्डनहॅमच्या हकीकतीतून कोणी असा अर्थ काढू नये की जुने ते सारे राखावे आणि नव्याला दार बंद करावे. ऑल्डनहॅम स्वतःच तीनदा नवे झाले होते. विस्तारासाठी बांधलेल्या वास्तूला युद्धाने एक काम दिले, शांततेने दुसरे दिले, आणि प्रत्येक वेळी ती त्या कामाला पुरी पडली. ती मोडली बदलामुळे नव्हे. वाहन कोणते घ्यावयाचे हे ठरविणाऱ्यांनी वाहन राखणाऱ्यांना विचारणे सोडले, तेथे ती मोडली.

संस्थांचेही असेच असते. पन्नास किंवा शंभर वर्षांनी तिच्यात मूळचे एकही माणूस उरत नाही. फळ्या बदलतात, चाके बदलतात, छप्पर बदलते. तरीही आपण तिला त्याच नावाने हाक मारतो आणि त्या नावाचा वर्धापनदिन साजरा करतो. त्या दिवशी रथ पाहावयास सारे येतात. उत्सव आटोपल्यावर रथ पुन्हा आपल्या छपराखाली नेऊन, त्याची कोणती फळी सैल झाली आहे हे कंदील घेऊन पाहणारा एखादाच असतो. पुढच्या वर्षीचा उत्सव त्याच्या हाती आहे.